पॉलिसीवरची तारीख आणि केस पेपरवरची ओळ

जानेवारी 2007. संक्रांत चार दिवसांवर आली होती आणि घोडगंगा साखर कारखान्याचा हंगाम ऐन भरात होता. संध्याकाळी सातच्या सुमाराला जवळच्या वाडीतले एक शेतकरी, वय बासष्ट, छातीत जळजळतंय म्हणून माझ्या न्हावऱ्याच्या दवाखान्यात आले. ईसीजी काढला, तो नॉर्मल होता. मी म्हणालो, "आबा, तासभर इथंच पडून राहा. पुन्हा एक पट्टी काढू." मुलगा दारातच उभा होता. म्हणाला, "डॉक्टर, ट्रॉली काट्यावर लावलीय, नंबर आलाय. एवढी खाली करतो आन् लगेच घेऊन येतो." आबा त्याच्याबरोबर गेले. पहाटे तीनला त्यांना परत आणलं, तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पावणेदोन वर्षांनी ग्राहक मंचाची नोटीस आली. मी कपाटातून इन्डेम्निटीची पॉलिसी काढली आणि निश्चिंत मनाने एजंटला फोन लावला. 2000 सालापासून मी हप्ता भरत होतो. दोन दिवसांनी उत्तर आलं, की या केसला तुमची पॉलिसी लागू होत नाही.

मी एमडी मेडिसिन. 1996 पासून इथेच आहे. सर्पदंश, फवारणीचं औषध प्यायलेली माणसं, डेंग्यू, हार्ट अटॅक, शिरूर-चौफुला रस्त्यावरचे अपघात, हेच माझं रोजचं काम. शिरूर आणि दौंडकडे नव्याने पाटी लावणारी मुलंमुली हल्ली फोन करून विचारतात, "सर, इन्डेम्निटी किती लाखांची घेऊ?" मी त्यांना म्हणतो, आकडा नंतर बघू, आधी बाकीचं ऐक. ते बाकीचं इथे लिहितो आहे.

1. खेड्यातली ओळख कायद्याच्या आड येत नाही, आणि येऊही नये

दवाखाना टाकला तेव्हा आजूबाजूचे ज्येष्ठ डॉक्टर सांगायचे, "ही कोर्टकचेरी पुण्या-मुंबईची. इथं लोक देवासारखं मानतात." त्याच्या काही महिने आधी, 13 नोव्हेंबर 1995 ला, इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली होती. पैसे घेऊन उपचार करणारा प्रत्येक दवाखाना त्यात आला. त्यातली एक गोष्ट आमच्याकडे फार जणांना माहीत नसते. ज्या दवाखान्यात काहींकडून पैसे घेतात आणि काहींना फुकट बघतात, तिथला फुकट बघितलेला पेशंटही ग्राहकच ठरतो. ऊसतोडीच्या टोळीतल्या बाईकडून आपण पैसे घेतले नाहीत, म्हणून आपली जबाबदारी कमी होत नाही.

पण डॉक्टरांवरचे दावे काही 1995 ला सुरू झाले नाहीत. देशभरातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना जो खटला शिकवतात, तो आपल्याच भागातल्या घराचा आहे. 6 मे 1953 ला रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर आनंद गोडबोले या वीस वर्षांच्या मुलाच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. गावातल्या डॉक्टरांनी लाकडी फळ्या बांधल्या, मग स्प्लिंट मिळवलं आणि टॅक्सीत आडवं घालून त्याला पुण्याकडे काढलं. दोनशे मैलांचा प्रवास करून 9 मे रोजी दुपारी साडेअकराच्या सुमाराला ते पुण्यात पोचले. वडीलही तोवर पुण्यात येऊन थांबले होते. वडील, त्र्यंबक बापू गोडबोले, स्वतः डॉक्टर होते आणि त्यांची प्रॅक्टिस दौंडला होती. त्याच रात्री मुलगा गेला. पुण्यातल्या डॉक्टरांनी पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवलं आणि त्या धक्क्याने मृत्यू आला, असा आई-वडिलांचा दावा होता. तो खालच्या कोर्टात मान्य झाला, उच्च न्यायालयात टिकला आणि 2 मे 1968 ला सर्वोच्च न्यायालयानेही कायम केला. भरपाई होती 3,000 रुपये. पंधरा वर्षं लागली.

पेशंट घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना काळजी आणि तो देताना काळजी, ही डॉक्टरची तीन कर्तव्यं त्या निकालात मांडली आहेत आणि आजही तीच धरली जातात. मला मात्र तो निकाल वाचताना दौंडचे गोडबोले डॉक्टर दिसत राहतात. दिवसभर दुसऱ्यांची मुलं तपासणारा माणूस, आणि स्वतःच्या मुलासाठी पंधरा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढणारा. तेव्हापासून दावा लावणाऱ्या माणसाला मी शत्रू समजत नाही. पॉलिसी त्याच्यासाठीही असते. खरंच चूक झाली असेल तर त्या घराला पैसे मिळावेत आणि ते देताना डॉक्टरचा दवाखाना विकला जाऊ नये, यासाठी ती घ्यायची.

2. आकडा पेशंटच्या पगारावरून काढा

माझी पहिली पॉलिसी पाच लाखांची होती. आबांसारखे पेशंट डोळ्यांसमोर ठेवून मी ती पुरेशी धरली होती. पण रांजणगावची एमआयडीसी वाढली तसे माझ्याकडे येणारे पेशंट बदलले. आज बत्तीस वर्षांचा कामगार येतो, पगार महिना 40,000, घरात बायको, दोन मुलं, आई, वडील. वाहन अपघाताच्या खटल्यांत 2009 च्या सरला वर्मा निकालाप्रमाणे हिशेब असा करतात. वर्षाचे 4,80,000. त्यातून त्याचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा केला की उरतात 3,60,000. या वयाला गुणक 16. झाले 57 लाख 60 हजार. नोकरी कायम असेल आणि 2017 च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे पुढची पगारवाढ धरली, तर 86 लाखांच्या वर.

हा गुणक वैद्यकीय खटल्यात जसाच्या तसा लावायचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने कोलकात्याच्या अनुराधा साहा प्रकरणात म्हटलं आहे. त्या प्रकरणात तर ऑक्टोबर 2013 मध्ये जवळपास सहा कोटी आणि त्यावर व्याज देण्याचा आदेश झाला. तरी अंदाज बांधायला हा हिशेब चांगला आहे. साहा प्रकरणातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. तीन डॉक्टरांच्या वाट्याला दहा, दहा आणि पाच लाख आले, बाकीची सगळी रक्कम रुग्णालयावर आली. आपल्याकडे गावात डॉक्टर आणि रुग्णालय हा एकच माणूस असतो. दोन्ही वाटे त्याच्याच दारात येतात.

आकडा ठरला तरी काम संपत नाही. एजंट म्हणतो, "सर, एक कोटीची देतो, हप्ताही कमी बसेल." तेव्हा विचारा, एका घटनेला किती आणि वर्षाला किती? पॉलिसीत हे प्रमाण लिहिलेलं असतं, एकास एक, एकास दोन, पार एकास चारपर्यंत. एक कोटीची पॉलिसी एकास चार असेल, तर एका केसला कंपनी 25 लाखांच्या वर एक रुपया देणार नाही. एका फिजिशियनवर एका वर्षात चार मोठे दावे येणं जवळजवळ अशक्य, एक मोठा दावा येणं शक्य. म्हणून मी एकास एकच घेतो. वकिलाचा खर्च त्याच रकमेतून जातो की वेगळा मिळतो आणि प्रत्येक दाव्यात पहिले किती रुपये आपण भरायचे, हेही त्याच बैठकीत विचारून घ्यावं.

3. गाडीच्या विम्याचा हिशेब इथे चालत नाही

आबा गेले तेव्हा माझी पॉलिसी चालू होती. नोटीस आली तेव्हाही चालू होती. तरी ती लागू का झाली नाही, हे समजायला मला एका वकिलाकडे तीन खेपा घालाव्या लागल्या.

गाडीच्या विम्यात अपघाताच्या दिवशी पॉलिसी चालू होती का, एवढं बघतात. डॉक्टरांच्या पॉलिसीत दावा ज्या वर्षी येतो, त्या वर्षीची पॉलिसी उत्तर देते. आणि ती मागे किती जाणार, हे तिच्यावर छापलेल्या एका तारखेवर ठरतं. तिला रेट्रोअ‍ॅक्टिव्ह डेट म्हणतात, एजंट लोक नुसतं 'रेट्रो' म्हणतात. पहिली पॉलिसी ज्या दिवशी घेतली, सहसा तीच ही तारीख असते आणि दरवर्षी खंड न पडता रिन्युअल केलं तर ती तशीच पुढे चालत राहते. त्या तारखेच्या आधी तपासलेल्या पेशंटचा दावा आला, तर कंपनी हात वर करते आणि पॉलिसीच्या भाषेत ते बरोबरच असतं.

2007 ची दिवाळी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात होती आणि माझी पॉलिसी नेमकी त्याच आठवड्यात संपत होती. चेक सही करून टेबलाच्या खणात ठेवला होता. कारखान्याचा हंगाम सुरू होत होता, टोळ्या उतरल्या होत्या, लहान मुलांच्या तापाने वॉर्ड भरला होता. एजंट तीन आठवड्यांनी आला. मी चेक दिला, त्याने पावती दिली. "काही नाही सर, आठ दिवसांत कागद येतील." कागद आले. नाव बरोबर, रक्कम बरोबर, म्हणून मी ते फायलीला लावून टाकले. जुन्या पॉलिसीचं रिन्युअल झालेलंच नव्हतं. ती नवी पॉलिसी होती आणि रेट्रो तारखेच्या रकान्यात 2000 सालच्या जागी डिसेंबर 2007 आला होता. जानेवारी 2007 ची ती संध्याकाळ त्या तारखेच्या पलीकडे राहिली.

पहिल्या पानावरचा एक रकाना. तो मी दहा सेकंद वाचला असता, तर त्याच दिवशी कंपनीकडे धावलो असतो आणि खंड माफ करून घेण्यासाठी पत्र दिलं असतं. कंपनीने ऐकलं असतं की नाही, ती पुढची गोष्ट. मी विचारलंच नाही.

तेव्हापासून संपण्याच्या महिनाभर आधी हप्ता भरतो. कंपनी बदलायची झाली तर नव्या कंपनीकडून जुनी रेट्रो तारीख चालू ठेवू असं लेखी घेतो, मगच चेक फाडतो. स्वस्त हप्त्याच्या मोहात कंपनी बदलून सात-आठ वर्षांचं मागचं संरक्षण घालवून बसलेले डॉक्टर मी आमच्याच भागात पाहिले आहेत. त्यांच्यावर दावा आला नाही, म्हणून त्यांना ते अजून कळलेलं नाही.

4. "थांबा" म्हणालो, "का थांबा" ते सांगितलं नाही

केस मी स्वतःच्या खर्चाने लढलो. मंचासमोर पहिला प्रश्न आला, ईसीजी कुठे आहे? मी फाइल उघडली. ईसीजीचा कागद उष्णतेवर छापणारा असतो, त्याच्यावरची शाई शाई नसतेच. प्लास्टिकच्या पाकिटात, पत्र्याच्या कपाटात, दोन उन्हाळे काढून तो तपकिरी पडला होता. आलेख पूर्ण गेला होता. त्यावर उरलं होतं फक्त सिस्टरने बॉलपेनने लिहिलेलं आबांचं नाव आणि वेळ, सात वाजून दहा मिनिटं. तो नॉर्मल होता हे सांगायला आता मीच काय तो होतो.

दुसरा प्रश्न, तासभर थांबा म्हणालात, ते कुठे लिहिलं आहे? कुठेच नव्हतं. केस पेपरवर गोळ्यांची नावं होती आणि खाली एक ओढलेली रेघ.

2011 ला निकाल लागला. पावणेतीन लाख रुपये, त्यावर नऊ टक्के व्याज आणि खर्च. सौ.च्या नावावरची ठेव मोडून भरले. अपिलात जा, असं पुष्कळांनी सांगितलं. मी गेलो नाही, कारण निकाल मला पटला होता. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून अटॅक नाही असं होत नाही, पुन्हा काढावा लागतो, हे मला माहीत होतं. आबांच्या मुलाला ते माहीत नव्हतं. मी त्याला थांबायला सांगितलं, पण का थांबायचं ते सांगितलं नाही. ते एक वाक्य त्याच्याशी बोललो असतो, तर ट्रॉली दुसऱ्या कुणाच्या हवाली करून तो थांबला असता, असं मला आजही वाटतं. आणि केस पेपरवर लिहायची सवय असती, तर लिहिताना ते वाक्य तोंडून आपोआप निघालं असतं. लिहिण्याचा खरा उपयोग तिथे आहे. कोर्टात तो कागद कामाला येतो, ही त्याची दुसरी बाजू.

आता प्रत्येक ईसीजीची झेरॉक्स त्याच दिवशी निघते आणि फोटो संगणकात जातो. पेशंट थांबायला किंवा पुण्याला जायला तयार नसेल, तर मराठीत, त्यांच्याच शब्दांत लिहितो. "अटॅक असू शकतो, जिवाला धोका आहे हे सांगितले. घरी नेत आहोत." खाली सही किंवा अंगठा, नातं आणि घड्याळातली वेळ. इंग्रजीत छापलेल्या फॉर्मवर घेतलेला अंगठा पेशंटला काही सांगत नाही आणि डॉक्टरलाही वाचवत नाही. संमतीचंही तसंच. तपासणीला दिलेली संमती ऑपरेशनला लागू होत नाही, हे समीरा कोहली प्रकरणात 2008 ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे. भरती पेशंटचे कागद तीन वर्षं ठेवा आणि मागितले तर 72 तासांत द्या, असा मेडिकल कौन्सिलचा 2002 चा नियम आहे. मी तीन वर्षांनी टाकत नाही. लहान मुलांचे तर मुळीच नाही, कारण त्यांच्या बाबतीत दाव्याची मुदत ते सज्ञान होईपर्यंत थांबून राहू शकते.

5. दवाखान्यात आपण एकटे नसतो

रात्री दोन वाजता मण्यार चावलेला पेशंट येतो, तेव्हा मी वरच्या मजल्यावर झोपलेला असतो. खाली ड्युटी डॉक्टर असतो, सिस्टर असते, मावशी असतात. इंजेक्शन कुणीही देवो, नोटिशीवर नाव माझं येतं. माझी वैयक्तिक पॉलिसी माझ्या हातून झालेल्या चुकीपुरती आहे, हे मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. दवाखान्याची पॉलिसी वेगळी असते, खाटा आणि वर्षभरातले पेशंट बघून तिचा हप्ता ठरतो. स्टाफमध्ये शिकलेले किती आणि अनुभवावर काम करणारे किती, हे अर्जात विचारतात. गावात रीतसर प्रशिक्षण झालेली नर्स मिळणं किती अवघड आहे, ते मला ठाऊक आहे. पण जी आहे ती संख्या खरी लिहा. बिनशिकलेल्या मदतनिसांसाठी थोडा जादा हप्ता भरून संरक्षण मिळतं. ती माणसं लपवली तर ऐनवेळी सगळीच पॉलिसी अडचणीत येते.

ड्युटी डॉक्टर कोणत्या शाखेचा, हाही नाजूक विषय आहे. पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल या मुंबईच्या खटल्यात, होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी अ‍ॅलोपॅथीची औषधं दिली ही गोष्टच निष्काळजीपणा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1996 ला ठरवलं आणि तीन लाखांची भरपाई दिली. महाराष्ट्रात पुढे होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम निघाला, त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. माझ्याकडची होमिओपॅथीची मुलं मनापासून काम करतात, रात्र-रात्र जागतात. त्यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणूनच मी त्यांचं काम कागदावर आखून दिलं आहे. बघायचं, नोंद करायची, मला उठवायचं. औषध मी सांगणार आणि माझ्या सहीने.

बाहेरून येणाऱ्या भूलतज्ज्ञाला आणि सर्जनला त्यांच्या पॉलिसीची प्रत दरवर्षी मागावी. पहिल्यांदा मागताना संकोच वाटला होता. सगळ्यांनी दिली.

6. अर्ज आपल्या हाताने भरा

एजंट म्हणतो, "सर, तुम्ही फक्त सही करा, बाकी मी भरतो." माझ्या अर्जावर कित्येक वर्षं 'फक्त कन्सल्टिंग' लिहिलेलं होतं आणि इकडे मी व्हेंटिलेटर लावत होतो. जे जे आपण करतो ते ते अर्जात आलं पाहिजे. नवीन मशीन घेतलं, आयसीयूच्या दोन खाटा वाढवल्या, की कंपनीला पत्र आणि पोच.

7. नोटीस आली की आधी कंपनीला कळवा, बैठकीला नंतर बसा

ग्राहक आयोगाची (म्हणजे पूर्वीच्या मंचाची) नोटीस हातात पडल्यापासून तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं. आयोग फार तर पंधरा दिवस वाढवून देऊ शकतो. 45 दिवसांच्या पुढे उत्तर घेताच येणार नाही, असं मार्च 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं. वकील शोधण्यात, नातेवाइकांशी बोलण्यात आणि कागद जुळवण्यात हे दिवस कसे जातात ते कळत नाही. म्हणून ज्या दिवशी नोटीस, त्याच दिवशी कंपनीला मेल आणि रजिस्टर पोस्ट. नोटीस आली नसली, पण पेशंट दगावला आहे आणि घरच्यांचा सूर बिघडला आहे असं दिसलं, तरी कळवून ठेवावं.

गावात याच्या आधी दुसरीच गोष्ट घडते. संध्याकाळी चार मोठी माणसं येतात. "डॉक्टर, कोर्टात कशाला जाताय, बसून मिटवून टाकू." आकडा ठरतो, रोख दिली जाते आणि कागदावर काही राहत नाही. ते पैसे कंपनी देत नाही, कारण तिच्या संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही आणि तडजोड करायची नाही, अशी अट पॉलिसीत असते. पुढे केस झालीच तर त्याच पैशांकडे बोट दाखवून "चूक होती म्हणून तर दिले" असं म्हणतात. तडजोड वाईट नाही. कंपनीला बरोबर घेऊन, लेखी आणि चेकने करावी. म्हणजे पैसे घरच्या बाईच्या खात्यात पूर्ण जातात, मधल्या कुणाकडे थांबत नाहीत.

मात्र कंपनीने बोलू नका म्हटलं म्हणून नातेवाइकांपासून तोंड लपवू नये. गेलेल्या माणसाच्या घरी जाऊन बसायला, काय घडलं ते सरळ सांगायला कुठलीच पॉलिसी अडवत नाही. मी आबांच्या दहाव्याला गेलो नव्हतो. जायला हवं होतं.

8. पॉलिसीबाहेरचं काय काय

फौजदारी शिक्षा आणि दंड विमा भरत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 प्रमाणे निष्काळजीपणाने मृत्यू झाला, तर डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालामुळे तज्ज्ञ डॉक्टरचा अभिप्राय घेतल्याशिवाय पोलिसांनी पुढे जायचं नसतं आणि सरसकट अटकही करायची नसते. हा निकाल छापून ड्रॉवरमध्ये ठेवावा. फौजदारी बचावाचा खर्च काही पॉलिसी देतात, विचारून घ्या. नशेत केलेलं काम, पदवीबाहेरचं काम, यांना संरक्षण नाही आणि ते योग्य आहे.

काचा फुटल्या, मॉनिटर फुटला, तर त्यालाही इन्डेम्निटी चालत नाही. दवाखान्यावरच्या हल्ल्याविरुद्ध महाराष्ट्राचा 2010 चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. मालमत्तेचा विमा मात्र वेगळाच काढावा लागतो.

डॉक्टरांच्या संघटनांच्या मदत योजनाही असतात. त्यांचा मोठा आधार वाटतो, आपली माणसं पाठीशी उभी राहतात, चांगला वकील मिळतो. मी सभासद आहे. पण अशी योजना विमा कंपनीच्या पॉलिसीची जागा घेत नाही, दोन्ही ठेवावं.

9. पाटी उतरवल्यावरही दोन-तीन वर्षं हप्ता भरायचा आहे

दाव्याला उपचारापासून सर्वसाधारणपणे दोन वर्षांची मुदत असते आणि उशीर माफ करण्याचा अधिकार आयोगाला आहे. दवाखाना बंद केला, पॉलिसीही त्याच दिवशी बंद केली, की शेवटच्या वर्षातले सगळे पेशंट उघड्यावर राहतात. निवृत्तीनंतर दावे कळवायला वाढीव मुदत मिळते का आणि डॉक्टर वारला तर वारसांना संरक्षण चालू राहतं का, ही दोन उत्तरं लेखी मिळवून ठेवा. मी येत्या काही वर्षांत थांबणार आहे. सौ.ला त्या फायलीची जागा दाखवून ठेवली आहे आणि कंपनीचा नंबर फायलीच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे.

शिरूर-दौंडच्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनो, हे वाचून होताच आपली पॉलिसी कपाटातून काढा आणि पहिल्या पानावर रेट्रोअ‍ॅक्टिव्ह डेटचा रकाना शोधा. तिथे तुमच्या पहिल्या पॉलिसीची तारीख नसेल, तर आजच कंपनीला पत्र लिहा. माझ्या चालू पॉलिसीवर तिथे 3 डिसेंबर 2007 छापलेलं आहे.